दादा, पिवळा दिवा लागलाय

८ जानेवारी

दादा,

साष्टांग नमस्कार, तब्येत, हवापाणी सगळं विचारून झालं असं समज, कारण इथं पिवळा दिवा लागलाय.

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंची गाडी मी घेतली. हो, घेतली. तुला विचारलं असतं तर तू शंभर प्रश्न काढले असतेस आणि तोवर ती दुसऱ्याच कुणी नेली असती. बाईंनी जेमतेम सहा महिने वापरली आणि त्यांची बदली झाली. मागच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. आत बसलं की नवा तागा उलगडल्यासारखा वास येतो. शिवणक्लासच्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, "बाई, अठ्ठावन्नाव्या वर्षी?" म्हटलं, मशीनचं पॅडल मारतच आयुष्य गेलं, आता हे पॅडल मारून बघते.

आता दिव्याचं. काल क्लासला निघाले आणि समोरच्या काट्यांच्या मधोमध एक पिवळं चित्र पेटलं. तोटी बसवलेला पत्र्याचा डबा असावा तसं. गाडीबरोबरचं पुस्तक उघडलं तर त्यात एवढंच की 'इंजिन तपासून घ्यावे'. गाडी तशी छान चालतेय, आवाज नाही, धूर नाही. खालचे काका म्हणाले, काळी चिकटपट्टी लावा त्याच्यावर, म्हणजे दिसणारच नाही. असली माणसं!

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि सूनबाईला मध्ये घालून इंजिनाचं बोलायचं म्हणजे तिचा जीव जातो. म्हणून पत्र. खरं तर तू येऊन एकदा बघितलंस तर माझा जीव भांड्यात पडेल. पण तू येणार नाहीस, माहीत आहे मला. गेल्या वर्षी बसमध्ये जे झालं त्यावर मी काही बोलत नाही. थांबा पुकारलेला तुला ऐकू आला नाही, पार डेपोपर्यंत गेलास, आणि तो कंडक्टर सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडला. मी तिथं असते ना, तर त्याची गचांडी धरली असती. पण त्यापायी वर्षभर घराचा उंबरा ओलांडायचा नाही, हे काही बरं नाही. बघ, बोलत नाही म्हणता म्हणता बोललेच.

तुझी,
चिंगी


१४ जानेवारी

चिंगे,

नमस्कार पोचला. आशीर्वाद आहेच. अक्कल मात्र पोस्टाने पाठवता येत नाही.

गाडी न विचारता घेतलीस, त्याबद्दल नंतर भांडू. आधी दिवा. लक्षात ठेव: पिवळा म्हणजे सावकाश घे आणि दाखवून घे. लाल म्हणजे बाजूला घे आणि बंद कर. पिवळ्याला घाबरून रडायचं नाही आणि लाल दिसल्यावर 'घरापर्यंत जाईल' असं म्हणायचं नाही. काळी पट्टी सुचवणाऱ्या माणसाकडून मिठाची चिमूटसुद्धा उसनी घेऊ नकोस.

दिवा लागायच्या आधी पेट्रोल भरलं होतंस का? भरलं असणार. मग त्याचं झाकण बघ. टाकीवर झाकण नुसतं ठेवून भागत नाही. टक टक टक असं तीनदा वाजेपर्यंत पिळायचं. या नव्या गाड्या फार नाजूक मनाच्या, पेट्रोलची वाफ सुटली तरी रुसतात. झाकण नीट लाव आणि चार दिवस चालव. दिवा आपोआप गेला तर ठीक. नाही गेला तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ने, गॅरंटीत असेल अजून.

आणि यापुढे काही आवाज आला तर 'आवाज येतो' एवढंच लिहू नकोस. खडखड, टकटक, घरघर, चरचर, कुरकुर यांतला कुठला ते लिही. आप्पांनी आपल्याला बाराखडीच्या आधी हेच शिकवलंय.

येण्याचं म्हणशील तर नाही जमणार. कानात घालायचं यंत्र ड्रॉवरमध्ये आहे. घातलं की सगळं जग शिट्टी वाजवतं. माझं घर बरं, माझी खुर्ची बरी.

दादा


२५ जानेवारी

दादा, अरे दादा!

झाकणच! मी ते बरणीच्या झाकणासारखं हलकेच टेकवून ठेवलं होतं. तू सांगितल्यासारखं टक टक टक केलं, चार दिवस जीव टांगणीला लावून चालवलं, आणि पाचव्या दिवशी बघते तर दिवा गुल. मी भर रस्त्यात गाडीला "शहाणी माझी बाई" म्हटलं. शेजारच्या स्कूटरवाल्याला वाटलं त्यालाच म्हटलं, तो केवढा गोंधळला.

शेजारपाजारी सगळ्यांना सांगितलं. म्हटलं, आमच्या दादाने शेकडो मैलांवरून, न बघता, न ऐकता ओळखलं. खालचे काका चिकटपट्टी घेऊन घरात गेले.

अजून मी क्लास आणि घर एवढंच करते. मोठ्या रस्त्यावर न्यायचा धीर होत नाही. ट्रक शेजारून गेला की मी डोळेच मिटते. डोळे मिटून चालवू नये, माहीत आहे.

चिंगी


२ फेब्रुवारी

चिंगे,

दिवा गेला, बरं झालं. पण माझं फार कौतुक करू नकोस. झाकणाचं कुणीही सांगितलं असतं. आता या गाड्यांना कॉम्प्युटर लावतात, तो सांगतो काय बिघडलंय ते. पूर्वी आम्ही इंजिनाला कान लावायचो. चाळीस वर्षं तेच केलं. आता इंजिनांना कान नकोत आणि मला कान राहिले नाहीत, म्हणजे दोघांचं नीटच जमलं.

परवा कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावून सगळे पाने, जॅक, व्हाइस देऊन टाकले. सूनबाई पाटीवर लिहून भांडली माझ्याशी. लिहिलेलं पुसून टाकलं मी. इंजिन ऐकायची ती लांब सळई तेवढी राहिली, ती त्याने नेली नाही, म्हणाला हिचं काय करू.

आता लिहिण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. पत्र आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. जेवतो, झोपतो, बरा आहे.

दादा


९ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वाचून खूप काही लिहिणार होते, पण आधी गाडीचं, कारण ते तातडीचं आहे.

गाडी पुन्हा बिघडली. सकाळी चालू करायला गेलं की आधी खोकते. खक खक, थोडी थांबते, पुन्हा खक खक. मग मागून फाट्कन बार निघतो. गल्लीतली कुत्री पळाली. मी घाबरले नाही. आप्पांना बघितलंय ना लहानपणी! बॉनेट उघडलं, कार्बोरेटर काढला, त्याच्यात कचरा अडकला होता. तोंडाने जोरात फुंकला आणि परत बसवला. आता जरा बरी आहे, पण चढावर मध्येच दम सोडते, आणि चालताना खालून खडखड. टकटक नाही, चांगली खडखड. एक्झॉस्ट असेल का? की दुसरंच काही?

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेणार नाही. तिथली मुलं माझं ऐकूनच घेत नाहीत. तूच सांग. लवकर लिही. पानभर लिही. दोन पानं लिहिलीस तरी चालेल.

चिंगी


१६ फेब्रुवारी

चिंगे,

कार्बोरेटर काढलास, फुंकलास आणि परत बसवलास? एकटीने? भली शाब्बास. मला पहिला कार्बोरेटर बसवायला तीन वर्षं लागली आणि आप्पांचे चार फटके. तो इंजिनाच्या कुठल्या बाजूला सापडला, तेवढं मात्र कळव. माझ्या माहितीसाठी.

तुझं दुखणं गंभीर दिसतंय. नुसतं पत्रावर निदान होणार नाही. गाडीला वजन देऊन बघावं लागेल. तेव्हा असं कर. रविवारी सकाळी तीन बायका गाडीत बसव, बऱ्यापैकी वजनाच्या. मोठ्या रस्त्याने निघ. डाव्या बाजूने, सावकाश, डोळे उघडे ठेवून. ट्रक आला की त्याच्याकडे बघायचं नाही, आपल्या रस्त्याकडे बघायचं. गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जा, तिथला चढ चढ. वर पोचल्यावर इंजिन बंद करून अर्धा तास थांबायचं. हा अर्धा तास फार महत्त्वाचा. त्या वेळात गाडीपाशी उभं राहू नये, तळ्याकाठी फिरावं. मग परत ये आणि काय काय झालं ते सविस्तर लिही. औषध अर्धवट घेतलं तर गुण येत नाही, हे ध्यानात ठेव.

सूनबाई विचारते, मामंजी एवढं काय लिहिताय, हसताय काय. मी म्हटलं, गंभीर केस आहे.

दादा


४ मार्च

दादा,

गेले! मी गेले मोठ्या रस्त्याने!

वजनाच्या बायका क्लासमध्ये मुबलक आहेत, पण "तू वजनाची आहेस म्हणून चल" असं कुणाला म्हणायचं कसं? शेवटी सांगितलं, भावाने औषध लिहून दिलंय, त्यात तुम्ही आहात. तिघी मिळाल्या. काजवाली, फॉलवाली आणि जिला अजून सरळ टीप घालता येत नाही ती. मागे बसलेल्या दोघी पहिला मैलभर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या, देवाचंच असणार. मग ट्रक आला. मी रस्त्याकडे बघितलं. ट्रक गेला. दादा, तो आपला आपण गेला! इतकी वर्षं मी उगाच घाबरत होते.

तळ्याकाठी आम्ही अर्धा तास म्हणून दोन तास बसलो. काजवालीने चपला काढून पाण्यात पाय सोडले. म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच कुणाचाच डबा भरायचा नाही असा रविवार. मला काय वाटलं सांगू? मी लहान होते तेव्हा आप्पांच्या व्हॅनमध्ये पुढे कोण बसणार म्हणून आपण भांडायचो, तसं आज चौघींत भांडण झालं.

खडखड थांबली. तुझं औषध लागू पडलं. आता पुढचं सांग.

चिंगी


१० मार्च

चिंगे,

पुढचं औषध असं की थापा मारताना जरा अभ्यास करावा.

तुझ्या गाडीत कार्बोरेटर नाही. या गाड्यांत नसतोच, कधीचाच बंद झाला. तू जो काढलास, फुंकलास आणि बसवलास तो आप्पांच्या व्हॅनचा. खक खक तिचीच, फाट्कन बारही तिचाच. ती व्हॅन भंगारात गेली तेव्हा तू शाळेत होतीस. तिचं दुखणं तुला अजून इतकं पाठ आहे, हे वाचून मी बराच वेळ कागद हातात धरून बसलो. मग हसलो. सूनबाई बघायला आली मला काय झालं म्हणून.

रागावलो नाही. तू कशासाठी केलंस ते कळतं मला. मी म्हातारा झालो, मूर्ख नाही. आणि मीही काही कमी नाही, तुला तळ्यावर पाठवलंच की. ती खडखड दोन तास पाण्यात पाय सोडून थांबते, असं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

पण पुरे आता. एक दिवस खरंच काही होईल आणि मी हसत बसेन. तेव्हा कानाला खडा लाव.

दादा


२३ मार्च

दादा,

कानाला खडा लावला, आणि आता खरंच झालंय. शप्पथ खरं. तू विश्वास ठेवणार नाहीस याचीच भीती वाटतेय.

रविवारी पुन्हा तळ्याला निघालो. चढ लागला तसा इंजिनातून आवाज आला. बारीक, उंच, चुईंऽऽ असा. शिलाई मशीनला तेल नसलं की येतो तसा, पण त्याहून टोकदार. आणि समोर लाल दिवा. बॅटरीचं चित्र. तू लिहिलं होतंस, लाल म्हणजे बाजूला घे आणि बंद कर. मी घेतली. बायका उतरल्या. थोड्या वेळाने चालू केली तर दिवा नाही, आवाज नाही. सावकाश घरी आणली.

वर्कशॉपमध्ये दोन दिवस ठेवली. तिथली इंजिनिअर मुलगी चांगली आहे, तिने मनापासून बघितलं. पण गाडी तिथं एकदाही वाजली नाही. कॉम्प्युटरमध्येही काही दिसत नाही. म्हणाली, "बाई, आता मी काय बदलू सांगा?" परत आणली, आणि दुसऱ्याच दिवशी वळणावर पुन्हा चुईं आणि पुन्हा लाल दिवा, डोळा मिचकावल्यासारखा. तेव्हापासून गाडी खाली उभी आहे. मी रिक्षाने क्लासला जाते. काजवाली विचारते, रविवारचं काय? मी म्हणते, बघू.

दादा, मला पुन्हा भीती वाटायला लागलीय, आणि ती नुसती गाडीची नाही. आत्ता कुठे मी जरा बाहेर पडले होते. तू आलास तर बरं होईल. ये म्हणायला मला तोंड नाही, पण लिहायला हात आहे. ये.

चिंगी


११ एप्रिल

चिंगे,

सुखरूप पोचलो. चार दिवस तुझ्याकडे होतो, पण पाटीवर लिहून माणूस किती बोलणार? तुझा खडू संपला आणि माझं बरंच राहिलं. ते आता लिहितो.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते सूनबाईच्या हातात दिलं आणि म्हटलं, हे खरं आहे. ती म्हणाली, कशावरून? म्हटलं, व्हॅनला चुईं कधीच येत नव्हतं. मग जाऊन खुर्चीत बसलो. उठलो. पुन्हा बसलो. जायचं कसं? सगळं अंग म्हणत होतं, जाऊ नको, पुन्हा सगळ्यांसमोर शोभा होईल. सूनबाईने एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मला ऐकू येत नाही. माझा थांबा आला की खांद्यावर हात ठेवा.' खाली थांब्याचं नाव. भोकं पाडून दोरा ओवला. मी म्हटलं, हे गळ्यात? मी काय हरवलेलं पोर आहे? तिने पाटीवर लिहिलं, 'आत्याबाई रिक्षाने जातायत.' मी गळ्यात घातलं.

तुला सांगितलं नाही, बसमध्ये पहिला तासभर मी तो पुठ्ठा हाताने झाकून बसलो होतो. शेजारच्या बाईने वाचला तो वाचलाच. मग तिने मागच्याला सांगितलं, त्याने पुढच्याला. तुझा थांबा आला तेव्हा माझ्या खांद्यावर एक हात नाही, तीन पडले. एक तर कंडक्टरचाच होता. मी उतरलो तेव्हा मला धड काही दिसत नव्हतं. तू विचारलंस डोळे का लाल, मी म्हटलं धूळ.

आणि वर्कशॉपमधलं. तुम्हा सगळ्यांना वाटलं मी घरून आणलेली सळई दातात धरून काहीतरी जुनी करामत करतोय. ती इंजिनिअर मुलगी इंजिन चालू करून, हेडलाइट, पंखा, सगळं लावून उभी होती. मी सळईचं एक टोक बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या अंगावर टेकवलं. आप्पा त्याला डायनामो म्हणायचे. दुसरं टोक कानाला लावायची सवय, तसं लावलं. काही नाही. भिंत. परत फिरणार होतो. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, टोक दातात धरलं. वरचे खरे चारच उरलेत, तेवढे पुरले.

चिंगे, मला ऐकू आलं. कानांनी नाही, डोक्याच्या हाडातून, पण आलं. आधी इंजिनाचं सगळं पोट घुमलं, आणि त्याच्या आत खरखर, वाळू पायाखाली घासल्यासारखी. आतलं बेअरिंग गेलंय. नव्या गाडीतही एखादा पार्ट कच्चा निघतो. मी दोन वर्षांत इंजिन ऐकलं नव्हतं. बेअरिंग सापडलं तरी मी सळई सोडली नाही, तू दंड धरून ओढलंस तेव्हा सोडली. तुम्हाला वाटलं मी अजून तपासतोय. मी नुसता ऐकत होतो.

त्या मुलीने मग तिची यंत्रं लावून गाडी तापेपर्यंत वाट बघितली, तिलाही ते सापडलं आणि गॅरंटीत पार्ट बदलला. नंतर तिने सळई पुसून स्वतःच्या दातात धरून बघितली. फार गोड मुलगी. सळई तिलाच देऊन आलो, माहीत आहे तुला.

आता शेवटचं. निघायच्या दिवशी तू मला स्टँडवर सोडायला आलीस. मी तुझ्या शेजारी बसलो. आजवर कुणाच्याही गाडीत मी सुखाने बसलेलो नाही. सतत कान. हे ढिलं आहे, ते घासतंय, याने तेल बदललेलं नाही. या खेपेला काही ऐकू येत नव्हतं म्हणून मी पहिल्यांदा गाडीत बसून नुसतं बाहेर बघितलं. झाडं, दुकानं, माणसं. आणि तुझ्याकडे बघितलं. किती छान चालवतेस गं तू. पाठ ताठ, नजर रस्त्यावर, ट्रक गेला तरी पापणी लवली नाही. आप्पा असते तर तुला पुढे बसवलं असतं, मला मागे.

तू सगळा रस्ताभर तोंडातल्या तोंडात गाणं म्हणत होतीस. ओठ हलताना दिसत होते. तू आनंदात होतीस हे बघून बरं वाटलं. कुठलं गाणं होतं? तेव्हा विचारायचं राहिलं. कळव.

दादा


१७ एप्रिल

दादा,

गाडी ठणठणीत आहे. दिवा नाही, आवाज नाही. रविवारी तळ्यावर जाऊन आलो.

मी गाणं म्हणत नव्हते. घरापासून स्टँडपर्यंत मी एकच म्हणत होते, "राहा ना, दादा, राहा ना." तुला ऐकू येत नाही म्हणूनच म्हणायचा धीर झाला.

चिंगी